घरची दिनदर्शिका स्वच्छ करतांना

एके काळीं एकत्र कुटुंबांत पंचांग एकच असे व तें वडील मंडळींच्या हातीं असे. आज घरांतील प्रत्येकाच्या फोनांत निराळी दिनदर्शिका असते. चौघांच्या दिनदर्शिका एकत्र केल्या, कीं एकाच श्राद्धाच्या चार नोंदी आणि एका मुंजीच्या दोन वेळा दिसूं लागतात. ठाण्यांत टेंभी नाक्यावर नवरात्रांत देवीच्या दर्शनाला मोठी गर्दी लोटते. त्या दिवसांत पाहुणे केव्हां बोलवावे, आजींना डॉक्टरांकडे केव्हां न्यावें, हें तेथील घरांनीं आधीं ठरविलेलें बरें. अशा घरांत चुकीची दिनदर्शिका असून चालत नाहीं.

फोनांतील दिनदर्शिका बाहेर काढली, कीं ‘आयसीएस’ नांवाची फाइल मिळते. तिचे नियम १९९८ सालीं ठरले व २००९ सालीं सुधारले गेले. ती साध्या मजकुराची असते. प्रत्येक कार्य ‘बिगिन’च्या ओळीनें सुरू होऊन ‘एंड’च्या ओळीनें संपतें. म्हणून महागड्या साधनांची गरज नाहीं. युनिक्स संगणकांवर १९७३ ते १९७७ या काळांत तयार झालेलीं ग्रेप, सेड व ऑक हीं साधनें पुरेशीं आहेत. ग्रेप ओळ शोधतें, सेड मजकूर बदलतें, आणि ऑक मजकुराचे भाग पाडून त्यांतून निवड करितें.

प्रथम मूळ फाइलीची प्रत बाजूस ठेवावी व ग्रेपकडून कार्यें मोजून घ्यावीं. नियमाप्रमाणें ७५ बाइटांहून लांब ओळ मोडतात व पुढील तुकडा कोऱ्या जागेनें सुरू करितात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. त्यामुळें आपल्या ओळी लवकर तुटतात. ‘वर्षश्राद्ध’ हा शब्द मध्येंच तुटला, तर ग्रेपला तो सांपडत नाहीं. यास्तव सेडनें तुटलेल्या ओळी आधीं जोडाव्या.

सॉर्ट हें साधन थेट लावूं नये. तें ओळी लावतें, कार्यें नव्हे; मग सर्व तारखा एकीकडे आणि सर्व नांवें दुसरीकडे जातात. ऑकनें एकेका कार्याचा गट करावा आणि तारीख, वेळ व नांव हीं तिन्ही जुळलीं तरच जादा नोंद काढावी. केवळ ओळखक्रमांक पाहूं नये. दरमहाच्या कार्यांतील एखादा दिवस पुढें ढकलला असेल, तर त्या नोंदीसही मूळचाच क्रमांक असतो. वेळेच्या शेवटीं ‘झेड’ असल्यास ती जागतिक प्रमाणवेळ समजावी. आपली वेळ तिच्यापुढें साडेपांच तास आहे. म्हणून पहाटे पांचची काकडआरती आदल्या रात्रीं साडेअकराला नोंदलेली दिसते.

एवढें करूनही एक दोष उरतो, आणि तोच खरा. २०२४ सालीं घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती. ती नोंद ‘दरवर्षीं’ म्हणून ठेवलेल्या घरांत २०२५ सालीं आठवण ३ ऑक्टोबरलाच आली. परंतु त्या वर्षीं घटस्थापना २२ सप्टेंबरला होऊन २ ऑक्टोबरला दसराही झाला होता! वडिलांच्या श्राद्धाची तिथि अशी चुकली तर तें दुःख कोणतेंही साधन भरून काढीत नाहीं. शंकर बाळकृष्ण दीक्षित व रॉबर्ट स्यूएल यांनीं १८९६ सालीं ‘द इंडियन कॅलेंडर’ या ग्रंथांत तिथीवरून तारीख काढण्याचीं कोष्टकें दिलीं. शिवाय व्रताला बहुधा सूर्योदयाची, तर श्राद्धाला अपराह्णाची तिथि पाहतात; हा भेद फाइलींत कोठेंही लिहिलेला नसतो.

म्हणून ग्रेपनें ‘दरवर्षीं’च्या नोंदींची यादी काढावी, आणि ती घरांतील वडीलधाऱ्या मंडळींपुढें पंचांगासह ठेवावी. जन्मतारखा तशाच राहूं द्याव्या. तिथीच्या नोंदी दरवर्षीं नव्यानें घालाव्या. मजकूर निवडण्याचें काम यंत्रानें करावें. दिवस कोणता, हें मात्र ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच विचारावें, आणि तें आज विचारावें.