राखीव साठा किती असावा?

घरांतला किंवा दुकानांतला जिन्नस केव्हां आणावा आणि किती शिल्लक ठेवावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. आम्हां छत्रपति संभाजीनगरकरांना तो नळानें शिकविला.

येथें अनेक वस्त्यांत कित्येक वर्षें पाणी कांहीं दिवसांआड येत असे. आमच्या घरीं रोज २०० लिटर पाणी लागे व तें पांच दिवसांनीं येई. मीं आयुष्यभर मुलांना त्रैराशिक शिकविलेलें. त्यानेंच मापून १,००० लिटरांची टाकी आणली. पुढें एकदां पाणी चार दिवसांनीं आलें, नंतर सहा दिवसांनीं. सरासरी पांचच, पण सहाव्या दिवशीं घागर रिकामी! सरासरीनें तहान भागत नाहीं. पाणी तीन दिवसांपर्यंत लांबतें असा अनुभव असेल, तर ६०० लिटर अधिक हवेत. हाच राखीव साठा. तो रोजच्या गरजेपुरता नसून, खप व विलंब यांच्या चढउतारासाठीं असतो.

माल आणण्याच्या रीति मुख्यतः दोन. एक ठरल्या दिवसाची, आठवडी बाजारासारखी. तींत मध्यें आणण्याची सोय नसल्यानें राखीव साठा मोठा लागतो. दुसरी ठरल्या खुणेची: गॅसचा एक सिलिंडर संपतांच दुसरा लावून नवा मागवावा. दुकानांत रोज ४ किलो साखर खपते, माल यावयास ३ दिवस लागतात आणि ८ किलो राखीव हवी, तर २० किलो उरतांच मागणी धाडावी.

मग कोठारच कां भरूं नये? कारण साठ्यानें जागा अडते, पैसा गुंततो, डाळीला कीड लागते. म्हणून जिन्नसाच्या किमतीकडे न पाहतां, तो नसल्यानें किती नुकसान होईल हें पाहावें. २०२१ सालीं इवल्याशा चिपांच्या टंचाईनें जगभरचे मोटारींचे कारखाने अडले. घरीं मधुमेहाचा रोगी असेल, तर इन्शुलिन संपून चालणार नाहीं. साखर संपली तरी चालेल.

पैठणच्या नाथसागरांत कालव्याच्या तोंडाखालीं राहणारा मृत साठा ७३८ दशलक्ष घनमीटर आहे. २०१६ च्या उन्हाळ्यांत उपयुक्त साठा संपला, तेव्हां शहर त्यावरच जगलें. राखीव साठा वापरावा तो अशा वेळींच. आणि एकदां वापरला, कीं पुढच्या भरणींत प्रथम तोच भरून काढावा. हें जो विसरतो, त्याच्या घरीं राखीव कांहींच नाहीं.