रात्रपाळी आणि चौऱ्याऐंशी बोल्ट

बोल्टच्या नावात एका अक्षराचा फरक होता. हवा होता ‘८-डी’, लागला ‘८-सी’. दोन्हींची लांबी एकच. आटेही सारखेच, इंचाला ३२. फरक फक्त जाडीत, तोही ०.०२६ इंचाचा, म्हणजे जेमतेम दोन तृतीयांश मिलिमीटर. हातात घेऊन पाहिले तरी सहज कळू नये इतकाच.

जून १९९० मध्ये बर्मिंगहॅमच्या विमानतळावर असे ८४ बोल्ट ब्रिटिश एअरवेजच्या एका ‘बीएसी वन-इलेव्हन’ विमानाला लागले. कॅप्टनच्या समोरची काच बदलायची होती आणि तिला एकूण ९० बोल्ट होते. उरलेले सहा जाडीला बरोबर होते, पण सुमारे अडीच मिलिमीटरने आखूड. काच बसवल्यावर साधारण २७ तासांनी, १० जूनच्या सकाळी, हे विमान ८१ प्रवासी आणि सहा कर्मचारी घेऊन स्पेनमधल्या मालागाकडे निघाले. १७,३०० फुटांवर ती काच निघून गेली. केबिनमधली हवा एका झटक्यात बाहेर पडली आणि तिच्याबरोबर कॅप्टन टिम लँकेस्टरही. कमरेपासून वरचा भाग विमानाच्या बाहेर, पाय आत अडकलेले. निगेल ऑग्डेन या कर्मचाऱ्याने धावत येऊन त्यांना धरले, तो दमल्यावर इतरांनी धरले. सहवैमानिक ॲलिस्टर ॲचिसन यांनी त्या वाऱ्यात, रेडिओवरचे धड ऐकू येत नसताना, विमान साउदॅम्प्टनला उतरवले. कॅप्टन गेले असेच सगळे धरून चालले होते. ते वाचले. हिमदंश आणि हाताची काही हाडे मोडण्यावर निभावले, आणि काही महिन्यांत ते पुन्हा विमान चालवू लागले.

ही गोष्ट नेहमी इथवरच सांगितली जाते, कारण ती थरारक आहे. विमानाच्या देखभालीबद्दल काही शिकायचे असेल तर मात्र हँगरमधल्या त्या रात्रीकडे वळायला हवे. तिथे थरारक असे काहीच घडले नाही.

काच बदलणारा माणूस नवशिका नव्हता. तो त्या पाळीचा प्रमुख होता. त्या रात्री माणसे कमी होती, म्हणून दुसऱ्यावर काम ढकलण्याऐवजी त्याने ते स्वतःच अंगावर घेतले. वेळ पहाटेची, तीनच्या पुढची. शरीराचे तापमान आणि सावधपणा दोन्ही तळाला गेलेले असतात ती. जुन्या काचेचे काढलेले बोल्ट ‘७-डी’ होते. म्हणजे मुळात तेही चुकीचेच, एक माप आखूड, पण त्यांच्यावर ती काच चार वर्षे टिकली होती. त्याने साहजिकच ठरवले की जसे निघाले तसेच लावू. स्टोअरवाल्याने सांगितले की या काचेला ‘८-डी’ लागतात. पण चार वर्षे जे चालले ते डोळ्यांपुढे होते आणि स्टोअरमध्ये ‘७-डी’ पुरेसे नव्हते. तेव्हा तो गाडी काढून विमानतळाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या कप्प्यांच्या फिरत्या मांडणीकडे गेला. तिथे देखरेखीला कोणी नव्हते, उजेड अपुरा होता, कप्प्यांवरची लेबले धड वाचता येत नव्हती. हातातला जुना बोल्ट समोर धरून त्याने नजरेने जोडी जुळवली. जवळचे वाचायला त्याला चष्मा लागत असे. त्या रात्री तो वापरला नव्हता.

पुढचा भाग मला सगळ्यात बोलका वाटतो. बोल्ट आवळताना ठरावीक जोर आला की पाना ‘टक्’ करून सुटतो. त्यालाही प्रत्येक बोल्टला तसा झटका जाणवत होता. पण बारीक बोल्टचे आटे नटच्या आट्यांवरून घसरले तरी हाताला तसाच झटका बसतो. शिडीचा मचाण नीट जागी नसल्याने तो विमानाच्या नाकावर आडवा होऊन काम करत होता, त्यामुळे बोल्टची डोकी खाचेत जास्त खोल गेलेली त्याला दिसलीच नाहीत. हाताने ‘बरोबर आहे’ सांगितले आणि डोळ्यांना तपासायची सोय नव्हती. काच बदलल्यावर दुसऱ्या माणसाने तपासावे किंवा केबिनमध्ये हवा भरून पाहावी, असा नियमही या कामाला लागू नव्हता. आणि या विमानाची काच बाहेरून बसवायची होती. आतून बसवलेली काच आतल्या दाबाने आणखी घट्ट होते. इथे सगळा भार बोल्टवरच.

आपल्याकडे अपघातानंतर ‘निष्काळजीपणा’ हा शब्द तयार असतो. या माणसाला तो लावून पाहा, बसत नाही. टाळाटाळ करणाऱ्याने हे काम अंगावर घेतलेच नसते.

वैमानिकाची चूक बहुतेक वेळा काही सेकंदांत समोर येते. मेकॅनिकची चूक झोपून राहते. बर्मिंगहॅमला ती २७ तास झोपली. जपान एअरलाइन्सच्या १२३ क्रमांकाच्या विमानात ती सात वर्षे झोपली होती: १९७८ मध्ये शेपूट धावपट्टीला घासल्यावर मागच्या दाब-भिंतीची दुरुस्ती झाली, त्यात जोडपट्टी अखंड न घालता दोन तुकड्यांत घातली गेली आणि जिथे रिव्हेटच्या दोन ओळींनी भार घ्यायचा तिथे तो एकीवर आला. ऑगस्ट १९८५ मध्ये ती भिंत फुटली आणि ५२० जण गेले.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी या विषयाचे मर्म सांगायला एक साधा बोल्ट घेतला होता. त्यावर आठ नट चढवलेले आहेत, प्रत्येकाचा क्रम ठरलेला. काढायचे तर एकच मार्ग, वरून एकेक काढत जायचे. परत चढवायचे मात्र ४०,३२० क्रम, आणि त्यांतला एकच बरोबर. विमान तपासायचे म्हणजे आधी ते उघडायचे, आणि उघडले की परत बंद करायचे. त्या परतीच्या वाटेवर चूक दबा धरून असते. म्हणूनच ‘जास्त तपासणी म्हणजे जास्त सुरक्षा’ हे समीकरण वाटते तितके सरळ नाही.

अमेरिकेत मे १९८३ मध्ये ईस्टर्न एअरलाइन्सच्या एका ट्रायस्टार विमानाची तिन्ही इंजिने मायामीजवळ समुद्रावर बंद पडली. तिन्ही इंजिनांतला एकच सुटा भाग, तेलातला लोखंडी चुरा टिपणारा, आदल्या रात्री बदलला होता, आणि तिन्हीकडे त्याच्या रबरी कड्या बसवायच्या राहिल्या होत्या. एरवी तो भाग कड्यांसकट तयार मिळायचा. त्या रात्री स्टोअरमधून बिनकड्यांचा आला. आधी बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू झाले म्हणून विमान कसेबसे मायामीला उतरले. एका इंजिनासाठी दुसरे राखीव असते हे खरे, पण सगळ्यांवर त्याच हातांनी, त्याच रात्री, तेच काम केले तर राखीव असे काही उरत नाही. दोन इंजिनांवर समुद्र ओलांडणाऱ्या विमानांच्या बाबतीत आता असे काम शक्यतो वेगवेगळ्या माणसांकडून किंवा वेगवेगळ्या वेळी करून घेतात.

आणि पाळीबदल. सप्टेंबर १९९१ मध्ये टेक्ससमध्ये ईगल लेकजवळ कॉन्टिनेंटल एक्स्प्रेसचे छोटे विमान हवेतच मोडले आणि त्यातले चौदाही जण गेले. आदल्या रात्री शेपटीच्या आडव्या पंखाच्या पुढच्या कडेचे काम निघाले होते. मदतीला गेलेल्या एका निरीक्षकाने डाव्या बाजूच्या वरच्या अंगाचे ४७ स्क्रू काढले. काम अर्धवट असताना पाळी बदलली. पुढच्या पाळीने उजवी बाजू पुरी केली. डावीचे वरचे स्क्रू निघालेत हे तिला कोणी नीट सांगितले नव्हते. शेपूट उंच, वरचा भाग खालून दिसत नाही. सकाळचे पहिले उड्डाण नीट झाले, दुसऱ्यात ती कड उखडली. चौकशी मंडळाने देखभाल कर्मचारी आणि निरीक्षकांनी ठरलेली पद्धत पाळली नाही यावर बोट ठेवले. मंडळाचे एक सदस्य जॉन लॉबर यांनी मात्र वेगळे मत नोंदवले: कंपनीच्या वरिष्ठांनी पद्धत पाळण्याची संस्कृतीच उभी केली नाही, हेही कारणांत लिहा. मला लॉबर यांचे पटते. एकाच रात्री एवढ्या जणांच्या हातून नोंद सुटते, तेव्हा ती सुटायची तिथे रीतच पडलेली असते.

या सगळ्यातून कामाची एक नवी शाखा उभी राहिली. नव्वदच्या दशकात कॅनडात गॉर्डन ड्यूपाँट यांनी मेकॅनिकच्या चुकांमागची बारा कारणे एकत्र मांडली: थकवा, लक्ष विचलित होणे, वेळेचे दडपण, संवादाचा अभाव, ‘आपल्याकडे असेच करतात’ वगैरे. भारतातही विमान देखभाल अभियंत्याचा परवाना हवा असेल तर मॉड्यूल ९ म्हणजे ‘ह्यूमन फॅक्टर्स’ची परीक्षा द्यावी लागते. झोप, आवाज, उजेड, दृष्टी, ताण, सगळे त्यात आहे. नागपूरच्या मिहानमध्ये मोठी विमाने उघडून परत बंद करणारे हँगर आहेत. तिथल्या अभियंत्यांनीही हा पेपर दिलेला असतो.

मात्र पेपर देतो तो पाना धरणारा. पहाटेच्या पाळीला किती माणसे ठेवायची, सुटे भाग कुलपात ठेवायचे की कोणीही घ्यावे अशा कप्प्यांत, दिवे कधी बदलायचे, हे ठरवणाऱ्याला तो द्यावा लागत नाही. बर्मिंगहॅमच्या चौकशीनंतर ब्रिटिश तपास यंत्रणेने केलेल्या शिफारशींत एक अगदी घरगुती वाटावी अशी होती: ज्या अभियंत्याला चष्मा लागतो त्याने विमानावर काम करताना तो लावायला हवा, याची नियामकाने दखल घ्यावी. वैमानिकाच्या डोळ्यांची तपासणी तेव्हाही ठरलेल्या मुदतीने सक्तीची होती.