आखातात निघण्याआधी : कागद आधी, पैसा नंतर

रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांत परदेशची नोकरी ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पूर्वी कोकणातली माणसे जहाजावर खलाशी म्हणून जात. १९७० नंतर तेलाचे भाव वाढले, आखाती देशांत बांधकामे निघाली आणि आपली माणसे दुबई, कुवेत, सौदीची वाट धरू लागली. खेड, चिपळूण, महाड, म्हसळा, श्रीवर्धनच्या कितीतरी गावांत शाळा, मशिदी आणि नवी घरे या कमाईवर उभी राहिली. आता मराठवाडा, खानदेशातली मुलेही निघू लागली आहेत.

“व्हिसा आला!” अशी बातमी घरात येते तेव्हा दोन प्रश्न लगेच विचारले जातात. पगार किती? आणि द्यायचे किती? तिसरा प्रश्न मात्र राहून जातो : लिहून काय मिळाले आहे? अनेक घरांची फसवणूक याच न विचारलेल्या प्रश्नापासून सुरू होते.

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. कुरआन शरीफमधील ही सर्वांत लांब आयत आहे. तरीही मुलाच्या दोन-तीन वर्षांच्या मेहनतीचा सौदा आपण तोंडी करतो. एजंट गावचा आहे, नात्यातला आहे, नमाजी आहे, मग कागद कसा मागायचा, असा संकोच वाटतो. पण लिहून घेण्यात कोणाचा अपमान नाही. प्रामाणिक माणसाला त्याने बळच मिळते.

एजंटची खात्री

परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवण्याचा धंदा १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली येतो. परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना असलेल्या एजंटलाच ही भरती करता येते. ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर परवानाधारक एजंटांची यादी आहे. परवाना चालू आहे की संपला, हेही तिथे दिसते. गावात फिरणारा माणूस “मी अमक्या मोठ्या ऑफिसचा” म्हणत असेल तर त्या ऑफिसचा परवाना क्रमांक मागा, यादीत पाहा आणि तिथे दिलेल्या पत्त्यावर स्वतः चौकशी करा. मधल्या विनापरवाना माणसाच्या हाती पैसा देऊ नका.

एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढीच सेवा फी घेता येते. १८ टक्के जीएसटी धरला तर ती रक्कम ३५,४०० रुपये होते. तीही पावती देऊनच. आता दीड लाख मागणाऱ्याचा हिशेब करून पाहा. दागिने गहाण ठेवून दीड लाख दिले आणि मुलगा महिन्याला १२,००० रुपये वाचवू शकला, तर नुसती मुद्दल फिटायला साडेबारा महिने लागतात. म्हणजे पहिले वर्षभर तो एजंटसाठीच राबतो. गहाणावरचे व्याज वेगळेच.

व्हिसा कोणता आहे?

“आता व्हिजिटवर जा, तिथे पोचल्यावर बदलून देऊ,” हे वाक्य ऐकले की सावध व्हा. व्हिजिट व्हिसावर काम करणे बेकायदा आहे. पगार बुडाला तरी तक्रार करताना आधी स्वतःच अडकायला होते, आणि दंड व परत पाठवणी कामगाराच्याच वाट्याला येते. सौदीत ‘आझाद व्हिसा’ म्हणून जो विकला जातो, त्याचीही तीच गत. नावाला एक कफील, काम दुसरीकडे, आणि इकाम्यासाठी दरवर्षी कफीलला पैसे. कायद्यात असा कोणताही आझाद व्हिसा नाही. कफीलने ‘हुरूब’ म्हणजे पळून गेल्याची नोंद केली की माणूस बेकायदा ठरू शकतो.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ‘ई.सी.आर.’ असा उल्लेख असतो. आखाती देश, मलेशिया, जॉर्डन, इराक अशा ठरावीक देशांत नोकरीला जाण्यासाठी त्यांना सरकारी मंजुरी लागते. मुंबईत ही कचेरी वांद्रे-कुर्ला संकुलात विदेश भवनात आहे. मंजुरी टाळून व्हिजिटवर पाठवणारा एजंट तुमचा त्रास वाचवत नसतो, तुमचे संरक्षण काढून घेत असतो. मंजुरीसोबत प्रवासी भारतीय विमा योजनाही येते. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास तीत १० लाख रुपये मिळतात. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि तीन वर्षांचा ३७५ रुपये, अधिक कर. विम्याचा कागद घरी ठेवा, जाणाऱ्याच्या बॅगेत नव्हे.

घरकामाला जाणाऱ्या भगिनींबाबत नियम अधिक कडक आहे. ई.सी.आर. पासपोर्ट असलेल्या ३० वर्षांखालील स्त्रीला या देशांत घरकामासाठी मंजुरी मिळत नाही. “वय वाढवून पासपोर्ट करू” किंवा “व्हिजिटवर पाठवू” असे कोणी सुचवले, तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवा.

शिकलेल्या मुलांनीही गाफील राहू नये. थायलंडमध्ये कॉम्प्युटरची नोकरी म्हणून बोलावून म्यानमारच्या सरहद्दीपलीकडे नेले, पासपोर्ट काढून घेतला आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपले, असे प्रकार २०२२ पासून उघडकीस आले आहेत. कंबोडिया आणि लाओसमध्येही हेच घडले. परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल जाहीर इशारे दिले आहेत. मोठा पगार, फोनवर पाच मिनिटांची मुलाखत आणि टुरिस्ट व्हिसा, या तीन गोष्टी एकत्र आल्या की पाऊल मागे घ्या.

करारात काय वाचावे

करार हातात आल्यावर घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून तो पूर्ण वाचा. अमिरातीत नोकरीचा देकार अरबी आणि इंग्रजीसोबत तिसऱ्या भाषेतही मिळू शकतो. त्यात उर्दू आणि हिंदी आहे. ती प्रत मागून घ्या. मग पाहा : काम कोणते लिहिले आहे? रोज किती तास? सुट्टी कधी? राहणे, जेवण, परतीचे तिकीट कोणाचे?

मूळ पगाराचा आकडा वेगळा पाहा. समजा, महिन्याचे एकूण १,८०० दिरहॅम ठरले, पण करारात मूळ पगार १,००० आणि बाकीचे ८०० भत्ते आहेत. अमिरातीत नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर काढतात, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा. मूळ पगार १,००० असेल तर पाच वर्षांचे ३,५०० दिरहॅम होतात. तोच १,८०० असता तर ६,३०० झाले असते. सही करण्याआधी एक ओळ वाचली तर एवढा फरक कळतो.

अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो आणि कामगाराचा पासपोर्ट मालकाला ठेवून घेता येत नाही. कतारमध्येही २०२० पासून नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट उठली आहे. आपला हक्क माहीत असेल तरच तो मागता येतो.

मेडिकलसाठी घाई करू नका. देकारपत्र हातात येण्याआधी तपासणीचे पैसे भरले आणि नोकरी आलीच नाही, तर ते पैसे बुडाले असे समजा.

मागे राहणाऱ्यांसाठी

जाणारा एक असतो, पण अर्धी जबाबदारी घरात राहते. पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा आणि एजंटच्या पावत्या या सर्वांची एकेक प्रत पत्नीकडे किंवा आई-वडिलांकडे असू द्या. मालकाचे नाव, कामाचा पत्ता आणि सोबतच्या एखाद्या मित्राचा नंबर वहीत लिहून ठेवा. सरकारचे एक दिवसाचे प्रस्थानपूर्व प्रशिक्षण मोफत असते, ते चुकवू नका.

अडचण आलीच तर लाजेपोटी गप्प बसू नका. भारतातून १८००-११-३०९० हा प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत क्रमांक आहे. ‘मदद’ या सरकारी संकेतस्थळावर घरच्यांनाही तक्रार नोंदवता येते. तिथल्या भारतीय दूतावासांकडे २००९ पासून अडलेल्यांसाठी कल्याण निधी आहे. पण या प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा कागदच मागितला जातो.

हलाल रोजीसाठी घरापासून दूर जाणे ही मोठी कुर्बानी आहे. तिची सुरुवात तरी स्वच्छ व्हावी. पुढच्या वेळी घरात “व्हिसा आला” म्हणून मिठाई वाटायला निघाल, तेव्हा आधी करार मागवा, सर्वांनी मिळून वाचा आणि मगच पैसा मोजा. अल्लाह परदेशी गेलेल्या आपल्या सर्व मुलांना सलामत ठेवो आणि त्यांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.