हुद्दा निवृत्त होत नाही

गाठीशी पैसा असला की म्हातारपण सुखाचं, असं आपण सहज म्हणतो. पण पैशाइतकाच हुद्दाही तब्येतीवर परिणाम करतो. लंडनमधल्या सरकारी नोकरांचा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास १९६७ साली सुरू झाला. त्यांच्यात उपाशी कुणीच नव्हतं. तरीही बड्या अधिकाऱ्यांच्या तुलनेत शिपायांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे तिप्पट निघाले. धूम्रपान, रक्तदाब ही कारणं वजा करूनही हा फरक पुरता पुसला गेला नाही, आणि निवृत्तीनंतरही तो उरलाच. कामावर स्वतःचा ताबा नसणं हे त्यामागचं एक कारण असल्याचं संशोधक मायकेल मार्मट सांगतात.

आपल्याकडे नोकरी संपल्यावर, उतारवयात, आयुष्यावरचा असा ताबा बहुधा राहत्या घराच्या मालकीत असतो. घर मुलांच्या नावावर झालं की आईवडिलांच्या शब्दाचं वजन अनेकदा घटतं. इथे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ कामी येतं. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट पाळली गेली नाही, तर न्यायाधिकरणाकडे जाऊन ते हस्तांतरण रद्द करवून घेता येतं. म्हणून बक्षीसपत्र करायचंच असेल, तर ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्या.