कारीगराचा कान

सुरतेच्या गोडादऱ्यात बरीच माणसं जोरात बोलतात. भांडत नसतात, उमर लूमच्या खात्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेली असते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून भुसावळ-सुरत मार्गाच्या गाडीनं आलेली ही पिढी. शेजारची मुलगी समाजशास्त्रात एम.ए. करते. प्रकल्पाचा विषय तिला घरातच मिळाला: हळू बोललेलं वडिलांना कळत नाही. "काका, यावर कुणी लिहिलंय का, बघू या ना."

एकच प्रश्न चार ठिकाणी विचारायचा ठरला. तिनं वहीत चार रकाने आखले.

पहिलं गूगल स्कॉलर. इतरांनी ज्याचा आधार जास्त घेतला ते सहसा वर येतं, म्हणून सुरतेच्या मजुरांचा विषय निघताच यान ब्रेमन आले; 1996चं 'फुटलूज लेबर' त्यांचंच. 'पॉवरलूम' इंग्रजीत जोडून लिहिलं की एक यादी, तोडून लिहिलं की दुसरी. जुन्या लेखाखालच्या दुव्यावरून मात्र त्याचा आधार घेणारे नवे लेख सापडत गेले.

जेस्टोरवर 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे जुने अंक. मजुरी, मुकादम, दाटीच्या खोल्या. इथल्या कारीगराला पोट होतं, कान नव्हता.

पबमेडवर उलटं. तिथं प्रत्येक विषयाला ठरीव नाव असतं. नुसतं 'लूम' टाकून काही जमेना. 'आवाजामुळे येणारं बहिरेपण' आणि 'कापड उद्योग' ही तिथली नावं जोडली, तेव्हा दार उघडलं. कान मिळाला, पण त्या कानाला गाव नव्हतं.

शोधगंगेवर सगळ्यात जास्त वेळ गेला. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटनं ठेवलेले हे प्रबंध प्रकरणागणिक वेगळ्या पीडीएफमध्ये असतात. काही नुसते स्कॅन केलेले, आत शब्द शोधता येत नाही. पानं चाळावीच लागतात. चाळता चाळता परिशिष्टं हाती लागली: लोकांना नेमकं काय विचारलं, त्याच्या प्रश्नावल्या. तिनं त्या आधी उतरवल्या.

कारखान्यांच्या नियमांतला तक्ताही वहीत गेला. 90 डेसिबल आवाजात 8 तास चालतील, 95मध्ये 4च. तिच्या वडिलांची पाळी 12 तासांची.

रात्री तिनं स्वतःची प्रश्नावली वडिलांवरच करून पाहिली. पहिला प्रश्न: "तुम्हाला कमी ऐकू येतं का?"

"मला? मला कुठं कमी येतं!"

आतून आई हसली. मुलीनं प्रश्न खोडला. वाचून जमवलेला शब्द बरोबर होता, पण तो बापाचा नव्हता. खाली तिनं दुसरा लिहिला आणि जरा मोठ्यानं वाचला: "टीव्हीच्या आवाजावरून घरात भांडण होतं का?"

"रोज," ते म्हणाले.