पडद्यावरील डाव आणि खेळाडूवृत्ती

बुद्धिबळाच्या पटासमोर दोन खेळाडू बसतात, तेव्हा त्यांच्या वागण्यावर नियम आणि संकेत या दोहोंचे बंधन असते. हेतुपूर्वक स्पर्श केलेले मोहरे हलवावेच लागते, हा नियम. डावाच्या आरंभी व अखेरीस हस्तांदोलन करावयाचे, हा संकेत.

संगणकाच्या पडद्यावर प्रतिपक्षी दिसत नाही, पंचही शेजारी नसतो. बोट चुकून वजीर भलत्याच घरात पडला, तर चाल परत घेऊ देण्याची विनंती करता येते. ती मानणे सौजन्याचे असले, तरी नाकारणे गैर नव्हे. हरत आलेला डाव अखेरपर्यंत लढविण्यातही दोष नाही. मात्र पराभव दिसताच चाल न करता घड्याळ चालू ठेवून निघून जाणे, हे प्रतिपक्षाचा वेळ चोरणेच होय. त्याहून गंभीर अपराध म्हणजे संगणकाकडून चाली विचारून घेणे. 1997 मध्ये ‘डीप ब्लू’ने कास्पारोव्हचा पराभव केला, आज साध्या मोबाइलमधील कार्यक्रमही विश्वविजेत्याहून बलवान असतो. त्यामुळे हा मोह प्रत्येकाच्या हाताशी आहे.

परंतु कोणाचीच लबाडी नसताना अन्याय झाला, तर काय करावे? 2020 मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने ऑनलाइन ऑलिंपियाड भरविले. उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या एका खेळाडूचा संपर्क भारताविरुद्ध खेळताना तुटला. आर्मेनियाची तक्रार फेटाळली गेली आणि त्या संघाने स्पर्धा सोडली. पुढे 30 ऑगस्टला अंतिम फेरीत भारत व रशिया यांची गाठ पडली. पहिला सामना 3-3 असा बरोबरीत सुटला. दुसऱ्या सामन्यात भारताच्या निहाल सरिन आणि नागपूरच्या दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला. घड्याळे मात्र थांबली नाहीत आणि दोघांनाही वेळ संपल्यामुळे हार पत्करावी लागली. या वेळी बिघाड एका घरचा नव्हता. अनेक देशांतील इंटरनेट सेवा विस्कळीत झाली होती. भारताने दाद मागितली आणि महासंघाच्या अध्यक्षांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिले.

दोन निर्णयांतील हा भेद सर्वांनाच पटेल असे नाही. तथापि त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. घड्याळ वेळ मोजते, न्याय मोजीत नाही. न्यायाची जबाबदारी माणसांवरच राहते. आणि पंच नसलेल्या रोजच्या डावात ती दोन्ही खेळाडूंनी स्वतःच उचलावयाची असते.