तलावाचा हिशेब कोण ठेवणार?

नवरात्र जवळ आलं की वाण्याच्या यादीत शिंगाड्याचं पीठ असतंच. थंडीच्या तोंडावर बाजारात ओले शिंगाडे दिसू लागले की मुलं हट्ट धरतात. पण मैत्रिणींनो, हा शिंगाडा येतो कुठून, असं कधी मनात आलं आहे का? तो येतो तलावातून. आणि आमच्या भंडारा भागात तो काढणारे हात बहुतेक ढिवर समाजाचे असतात.

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगीच नाही. गोंड राजांच्या काळात जो जंगल साफ करून तलाव बांधील, त्याला त्याखालची जमीन मिळे. कोहळी समाजाने अशी तलावामागून तलावांची माळच गुंफली. पुढे गावचे मालगुजार त्यांची देखभाल पाहू लागले. तो काही सुवर्णकाळ नव्हता, वेठबिगारही होती. पण दरवर्षी पाळ दुरुस्त होई, गाळ निघे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि 'माजी मालगुजारी' या लांबलचक नावाचं लोकांनी 'मामा तलाव' करून टाकलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर मिळून असे साडेसहा हजारांवर तलाव आहेत. गोंदिया तर १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होता.

आता हा मामा भाच्यांना काय काय देतो, ते पाहा. धान निसवताना पाऊस दडी मारतो, तेव्हा तुडूम उघडलं की बांध्यांना पाणी मिळतं. मरळ, झिंगे, शिंगाडे आणि पाण्यात आपसूक उगवणारं देवधान मिळतं. गुरांना पाणी, उन्हाळ्यात काठावर चारा, शेताला गाळाची माती. गावच्या विहिरींना पाझर. यातलं बरंचसं बाजारात जातच नाही. गावातल्या गावात, गरिबाच्या चुलीपर्यंत पोचतं.

आणि इथेच सगळी मेख आहे. सरकारी कागदावर तलावाचे रकाने दोनच: किती हेक्टर भिजले आणि मासेमारीच्या ठेक्याचे किती रुपये आले. ठेक्याची रक्कम भरायची तर झटपट वाढणारा, शहरात खपणारा मासा हवा. म्हणून रोहू, कटला, मृगळचं बीज आणून सोडलं जाऊ लागलं. त्यांच्या जोडीला पाणवनस्पती खाणारा गवत्या मासा आणि तळ उकरणारा सायप्रिनसही आला. ज्या वनस्पतींच्या आडोशाला गावठी मासे अंडी घालत, त्याच गेल्या. गाळ साचला आणि काठावर बेशरम माजली. ही दक्षिण अमेरिकेतून आलेली झुडपं. गुरं त्यांना तोंड लावत नाहीत आणि फांदी तोडून टाकली तर तीही मूळ धरते!

हा हिशेब तुम्हाला ओळखीचा वाटला का? मला तर फारच. पहाटेपासून रात्रीपर्यंत आपण राबतो. स्वयंपाक, पाणी, मुलांचा अभ्यास, आजारपणं. देशाच्या उत्पन्नाच्या आकड्यात त्यातलं काही धरत नाहीत. विकलं जातं तेच मोलाचं, बाकीचं फुकट, असं मानणारी ही व्यवस्था. ती जशी गृहिणीचे कष्ट गृहीत धरते तशीच नदी, जंगल, तलावही. आणि फुकटचं मानलं की ओरबाडायला कोणाचा हात थांबतो?

पण सगळेच हात बांधून बसले नाहीत, बरं का. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी ढिवर समाजातल्या जाणत्या मंडळींना विचारून तलावाचं हे जुनं ज्ञान टिपून घेतलं आणि गोंदिया-भंडाऱ्याकडच्या मच्छीमारांसोबत ते कामाला लावलं. यात ढिवर बायका पुढे आल्या. पाणी आटलं की बेशरम मुळासकट उपटायची. तळाचा भाग नांगरून भुसभुशीत करायचा. चांगल्या तलावातून पाणवनस्पती आणून पावसाच्या सुरुवातीला त्यांची रोपं लावायची, अगदी धानाच्या रोवणीसारखी! मग गावठी मासे पुन्हा अंडी घालू लागतात, पाणपक्षीही येतात. डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकणारी बाई तलावाविषयीच्या बैठकीत बोलू लागली, हे मला त्याहून मोठं वाटतं.

दुसरीकडे नव्या पद्धतीचा हिशेबही आमच्याच जिल्ह्यात पाहायला मिळतो. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झालं. तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा. पुढे तो १८ हजार कोटींच्या वर गेला. धरणामुळे शेतं भिजली, हे नाकारायचं नाही. पण ज्यांची घरं-शेतं बुडाली त्यांना हक्कासाठी वर्षानुवर्षं मोर्चे, सत्याग्रह करावे लागले. विलास भोंगाडे यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्यासोबत झगडत राहिले. विशेष पुनर्वसन पॅकेज मिळायला २०१३ साल उजाडलं. त्यातच नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे याच जलाशयात येतं. शहराची घाण शहराच्या हिशेबातून वजा झाली, ती खालच्या गावांच्या घागरीत जमा झाली.

मग आपण काय करायचं? मोर्चाला जाणं सगळ्यांनाच जमेल असं नाही. पण मासळी घेताना ती कुठल्या तलावातली, हे विक्रेत्या बाईला विचारावं. गावठी माशाला चार पैसे जास्त द्यावेत आणि तिच्याशी घासाघीस करू नये. निर्माल्य तलावात न टाकता परसात पुरावं. आपल्या गावच्या तलावाची पाळ कोणी फोडतंय, काठ कोणी बुजवतंय असं दिसलं, तर महिला मंडळातर्फे नगरपालिकेला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. माहेर खेड्यात असेल तर तिथल्या भावजयींना सांगावं की २००६ च्या वनहक्क कायद्यात पाण्यातल्या मासळीवरचा सामूहिक हक्कही येतो. ग्रामसभेत त्यासाठी दावा करता येतो.

घरात कोणती वस्तू किती दिवस पुरवायची, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. डबा रिकामा होण्याआधी आपण तो भरून ठेवतो. मामाच्या तलावाचा हिशेब ठेवायलाही अशीच सवय लागते. तेव्हा ती वही आता आपणही मागून घेऊ या.